वाकडा दिवा

त्याने दार पाठीने ढकललं आणि उलटा चालतच दुकानात आला. उजव्या हातात छत्री, डावा हात छातीशी धरलेला, शर्टाची वरची दोन बटणं उघडी आणि कॉलर बोनवर पांढरी पट्टी.

"कापायचेत?" मी विचारलं.

"नाही. नुसते धुवायचेत."

मावशीने गल्ल्यामागून चष्म्याच्या वरून पाहिलं. सलून तिचं, हात माझे, अशी आमची वाटणी आहे. "घरी पाणी येत नाही का?"

"पाणी येतं हो. हात वर जात नाही." तो हसला. "एका हाताने धुवायला गेलो की पाणी ओघळून टाक्यांवर येतं. डॉक्टरांनी टाके भिजवायचे नाहीत म्हणून बजावलंय. तुमच्याकडे मान मागे टाकायचं बेसिन दिसलं, म्हटलं विचारून बघू..."

मी त्याला बसवलं, पट्टीवरून टॉवेल गुंडाळला, पाणी कोमट केलं. दीड वर्षापूर्वी शिडीवरून पडून हाड मोडलं होतं, तेव्हा आत प्लेट बसवली होती. हाड जुळलं, पण प्लेट कातडीखाली टोचायला लागली, म्हणून परवा काढून टाकली. हे सगळं त्याने डोळे मिटून सांगितलं. मग डोळे उघडले आणि म्हणाला, "तो दिवा वाकडा आहे."

बेसिनवरचा दिवा. होता खरा वाकडा. मी रोज त्याच्याखाली उभी राहते, पण कधी लक्ष गेलं नव्हतं.

"मी नाटकाचे दिवे लावतो," तो म्हणाला. "वाकडा दिवा दिसला की मला चैन पडत नाही. हात वर जायला लागला की पहिला हाच सरळ करीन."

"तोवर बघू नका."

"मान तुमच्या हातात आहे. दुसरीकडे कुठे बघू? म्हणजे... बघण्यासारखं दुसरं आहे. पण ते इथून उलटं दिसतंय. हनुवटी वर, कपाळ खाली."

थोडं पाणी त्याच्या कानात गेलं. चुकून नव्हे.

तो दोन-तीन दिवसांआड यायला लागला. मावशीने त्याचं नाव दिवेवाला ठेवलं. आठवडाभरात ती "तुझा दिवेवाला आला गं" म्हणायला लागली, आणि मी त्यातला 'तुझा' ऐकू न आल्यासारखं करायला लागले.

टाके निघाले. कॉलर बोनवर गुलाबी रेघ राहिली. तरी हात वर न्यायची आणि वजन उचलायची बंदी होतीच. "प्लेट गेली, पण स्क्रूची भोकं हाडात राहतात," त्याने समजावलं. "ती भरेपर्यंत हाड कच्चं."

"आणि प्लेट कुठे गेली?"

"आईने जपून ठेवलीय. पाहुणे आले की चहाबरोबर दाखवते."

मी हसले तेव्हा माझी बोटं त्याच्या केसांतच थांबली. नळ चालू राहिला...

मग एका शनिवारी मी केसांत बोटं घातली आणि चमकले. केस स्वच्छ होते. कानामागे अजून ओल होती, आणि वास येत होता आमच्याकडे नसलेल्या साबणाचा. म्हणजे घरी धुऊन आला होता. दोन्ही हातांनी.

मी धुतलेले केस पुन्हा धुतले, नेहमीपेक्षा सावकाश. पुढच्या खेपेलाही तेच. खांदा बरा झालेला माणूस केस धुवायला कशाला येईल? विचारलं की संपलंच.

पण मग त्याचा फोन वाजला. त्याचं डोकं बेसिनमध्ये, माझे हात फेसात. मी कोपराने फोन त्याच्या छातीवर सरकवला, त्याने स्पीकर लावला.

"सोमवारी गाडी निघतेय," पलीकडून नाटक कंपनीचे मॅनेजर बोलत होते. "तीन महिन्यांचा दौरा आहे. येतोयस ना?"

"साहेब, हात अजून खांद्याच्या वर जात नाही."

"हे किती दिवस ऐकू? संध्याकाळपर्यंत नक्की सांग. नाहीतर दुसरा माणूस घेतो, आणि मग कायमचा घेतो. माझाही इलाज नाही."

फोन बंद झाला. ही थाप माझ्यासाठी होती. आधी मनातल्या मनात मला गुदगुल्या झाल्या. मग तो काय घालवतोय ते लक्षात आलं. शिडीबद्दल, पडद्यामागच्या अंधाराबद्दल बोलताना त्याचा आवाज कसा व्हायचा, ते मीच तर ऐकलं होतं.

"टॉवेल आणते," म्हणून मी आत गेले. बाहेर आले, तर तो डोळे मिटून, डावा हात छातीशी धरून शहाण्यासारखा बसला होता. त्या हाताच्या बाहीवर कोपरापर्यंत केसांतला फेस ओघळला होता. आणि बेसिनवरचा दिवा सरळ होता.

"दिवा कोणी सरळ केला?"

"दिवा?... आपोआप झाला असेल."

"अरे, थापा तरी नीट मार!"

'अरे' तोंडातून निसटलं, आणि आता परत 'अहो'वर जाणं शक्य नव्हतं. त्याने डोळे उघडले.

"राहवलं नाही," तो म्हणाला. "कधीपासून कळलंय तुला?"

"साबणाच्या वासापासून. डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणाले, हाड भरलं. शिडी चढायला हरकत नाही."

"मग मॅनेजरना खोटं का सांगितलंस?"

"खरं सांगितलं तर सोमवारी गाडीत बसावं लागेल." तो उठून बसला. केसांतून पाणी खांद्यावर टपटपत होतं. "परत येईपर्यंत तू... म्हणजे इथे दुसऱ्या कुणाची मान..."

"माना रोज पन्नास येतात. पण दिव्यावर नजर ठेवणारा एकच." मी टॉवेल त्याच्या डोक्यावर टाकला, म्हणजे त्याला माझा चेहरा दिसू नये. "फोन लाव. काम घालवून माझ्यासमोर बसलास, तर उकळतं पाणी ओतीन."

टॉवेलखालून आवाज आला, "परत आलो की केस धुवायला नाही येणार."

"मग?"

"तुला बाहेर न्यायला येईन. मावशींना विचारून."

"मावशीला सगळं ऐकू येतंय," गल्ल्यामागून मावशी म्हणाली. "आधी फोन लाव म्हणतेय ना ती!"

त्याने फोन लावला. 'येतोय' म्हणताना त्याचा चेहरा असा उजळला, की मी टॉवेल पुन्हा त्याच्या डोक्यावर टाकला.

जाताना त्याने दार पाठीने ढकललं, पण या वेळी नजर माझ्यावरून हलू नये म्हणून. फुटपाथवर पोचल्यावर त्याने डावा हात उचलला — खांद्याच्या वर, डोक्याच्या वर, पार सरळ — आणि कोपऱ्यावर दिसेनासा होईपर्यंत हलवत राहिला.

मी स्टूल ओढलं, चढले आणि बेसिनवरचा दिवा पुन्हा वाकडा केला.

मावशीने चष्म्याच्या वरून पाहिलं.

"अजून थोडा," ती म्हणाली. "दारातून दिसला पाहिजे."