रिकाम्या पाटासमोरची टाळी

यात माझ्या पदरचं काही नाही. कुंदन पनवेलला माझ्या शेजारीच राहतो. लग्नांचं शूटिंग करतो. भुताखेतांच्या गोष्टींना हसणाऱ्यांत त्याचा पहिला नंबर होता.

होता.

गेल्या वर्षी, मार्च २०१३मध्ये, जासईत घडलेली ही गोष्ट. तीही भरदुपारी.

तिथल्या भीमाबाई धवलारीण. आगरी लग्नांत विधी करत धवले, म्हणजे लग्नाची पारंपरिक गाणी, म्हणायला त्यांनाच बोलावणं यायचं. त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन आठ दिवसांवर आलं होतं. नंतर आवाज राहणार नव्हता. म्हणून त्यांची नात समृद्धी कुंदनकडे आली.

"सर, आजीचे धवले कुणीच लिहून घेतलेले नाहीत. एवढे रेकॉर्ड करून द्या."

कुंदनने तीन कॅमेरे लावले. एक भीमाबाईंच्या चेहऱ्यावर, एक हातांवर, एक समोर मांडलेल्या नवरा-नवरीच्या पाटांवर.

भीमाबाई कुरकुरल्या. "रिकाम्या पाटासमोर धवला म्हनू नाय, पोरा. नवऱ्याच्या पाटावर कोनबी येऊन बसतो."

"आजी, नुसतं शूटिंग आहे हो."

समृद्धीने आजीशेजारी बसून एक टाळी वाजवली. ती तिन्ही कॅमेऱ्यांत रेकॉर्ड होते आणि नंतर तिच्यावरून तिन्ही चित्रं जुळवता येतात. साधी रीत.

पण पाटांवरच्या कॅमेऱ्यात ती टाळी उशिरा आली... चांगली एक सेकंद उशिरा.

टाळी जुळवली की गाणं चुकायचं. गाणं जुळवलं की टाळी चुकायची.

कुंदनचं डोकं फिरलं. दोन हँडीकॅम, एक डीएसएलआर. तीन कंपन्या, तीन तऱ्हा. असले कॅमेरे निवडलेच कशाला, म्हणून त्याने स्वतःलाच शिव्या घातल्या.

पाटांवरचा कॅमेरा बदलून त्याने पुन्हा शूटिंग केलं.

पुन्हा तेच! फक्त आता अर्धाच सेकंद.

तो कॅमेऱ्यांच्या दुकानदाराशी तावातावाने भांडला. शेवटी तिन्ही कॅमेरे एकाच मॉडेलचे भाड्याने आणले. ऑपरेशनला दोन दिवस उरले होते. भीमाबाईंचा आवाज चिरकत होता. वाईट वाटत होतं, तरी त्याने तिसऱ्यांदा म्हणायला लावलं. टाळी ऐकू आली, धवला सुरू झाला.

स्टुडिओत येऊन बघितलं, तर टाळी तिन्हीकडे तंतोतंत जुळलेली!

कुंदन खुर्चीतून उठून नाचायचाच बाकी होता. मग आधी काय बिघडलं होतं? त्याने हेडफोन लावून पहिल्या दिवसाचं, पाटांवरच्या कॅमेऱ्यातलं रेकॉर्डिंग ऐकलं.

तिथे दोन टाळ्या होत्या.

एक लांबची, हलकी. समृद्धीची.

आणि एक सेकंदाने दुसरी... माईकच्या अगदी जवळ.

पाटावर कुणीच नव्हतं.

त्याने आजचं चित्र पुन्हा लावलं. भीमाबाईंनी समृद्धीचे दोन्ही हात आपल्या मांडीवर गच्च धरून ठेवले होते. टाळी वाजली, तेव्हाही.

त्याने समृद्धीला फोन लावला.

"आज मी वाजवलीच नाही, सर. आजी हात सोडेना. मला वाटलं, तुम्हीच वाजवलीत."

दुसऱ्या दिवशी तो तडक जासईला गेला. भीमाबाई त्याच्याकडे बघतही नव्हत्या.

"तो दर येळेला उशिरा वाजवत व्हता," त्या म्हणाल्या. "तू तीन येळा ऐकवलंस. शिकला तो."

"कोण, आजी?"

त्या उठून आत गेल्या. ऑपरेशन झालं. आता विचारून उपयोग नाही.

परवा समृद्धीचं लग्न आहे. मांडवात आजीचे धवले लावायचे म्हणून तिने रेकॉर्डिंग मागितलं. कुंदन नाही म्हणू शकला नाही. ते धवले दुसरीकडे कुठेच नाहीत. त्याने सुरुवातीची टाळी कापली, तीनदा ऐकून खात्री केली आणि सीडी दिली.

काल दुपारी मी त्याच्याकडेच बसलो होतो. समृद्धीचा फोन आला.

"सर, सुरुवातीची टाळी कापायची राहिली वाटतं."

कुंदनने घाईघाईने स्वतःकडची फाइल उघडली.

"आणि सर... सीडी लावली की आजी माझे दोन्ही हात धरून ठेवते. सोडतच नाही."