शेवटचे सहा अंक

मदतकेंद्राने लपवून ठेवलेल्या बाईच्या दारात सकाळी तिचा नवराच उभा राहिला. आता ती दवाखान्यात आहे, हात मोडलाय. पत्ता फुटला तो केंद्रातूनच.

तपासनीस बाई पोचल्या तेव्हा नोंदणीवालीच्या निलंबनाचा कागद तयारसुद्धा होता. खापर फोडायला गरिबाचं डोकं नेहमीच हाताशी असतं.

"शोध तिच्याच यंत्रावरून झालाय," डेटाबेस सांभाळणारे सर म्हणाले. "काल, जेवणाच्या सुट्टीत."

तपासनीस बाईंना हे काम सरांनीच हाताला धरून शिकवलं होतं.

नवऱ्याकडे एक फाटकी चिठ्ठी सापडली होती. तिच्यावर बायकोच्या नव्या फोनचे शेवटचे सहा अंकच उरले होते. यंत्राच्या नोंदीत त्याच सहा अंकांवरून पत्ता शोधल्याचं दिसत होतं. लागलेला वेळ, एक सेकंदही नाही.

"यंत्र उघडं टाकून जेवायला गेलीस?" बाईंनी नोंदणीवालीला विचारलं.

"सगळेच जातो, ताई. बंद केलं की परत सुरू व्हायला दहा मिनिटं लागतात." नोंदणीवालीचे डोळे सुजले होते. "पण शेवटच्या अंकांवरून आम्ही शोधतच नाही. अर्धं मिनिट थांबून यंत्र शोध तोडूनच टाकतं."

बाईंनी स्वतः करून पाहिलं. तीस सेकंद झाले, शोध तुटला.

सरांच्या खोलीत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.

"सर, इंडेक्स शब्दकोशासारखा असतो, तुम्हीच सांगायचात. सुरुवात माहीत असेल तर थेट पान उघडतं. नुसता शेवट माहीत असेल तर सगळी पानं चाळा. कोट्यवधी नोंदी सेकंदात चाळून होत नाहीत. काल कशा झाल्या?"

"तूच सांग."

"कुणीतरी सगळे नंबर उलटे करून त्यांचा वेगळा इंडेक्स बांधला. शेवटचीच सुरुवात झाली. काम झाल्यावर तो पुसला. तशी परवानगी इथे एकट्या तुम्हाला आहे."

सरांनी समोरचा स्क्रीन बंद केला.

"इंडेक्स पुसलात, लागलेला वेळ नोंदीत राहिला. 'आधी वेळ बघ' हे मला कुणी शिकवलं?"

"तिचा नवरा भाचा आहे माझा," सर पुटपुटले. "नुसती समजूत काढतो म्हणाला."

"म्हणून दुसरीच्या खुर्चीत बसलात? केसाने गळा कापलात, सर. तिचाही, माझाही."

निलंबनाचा कागद बाईंनी सरांपुढे सरकवला.

"तिचं नाव खोडा. आणि तुमचं तुमच्या हाताने लिहा."