मुरलेली तार

"नवी तार नको, मुरलेलीच लावा," असं सुभद्राबाईंनी लेकीला टेबलावर झोपवतानाच बजावलं. त्यात नवल काही नव्हतं. अख्खा तालुका तेच मागत असे.

वाटाडी तार आल्यापासून नाकाच्या ऑपरेशनचा थाटमाट संपला होता. दुर्बीण नको, स्कॅन नको, मोठा सर्जन नको. वीतभर लांबीची ही तार अंगाच्या उबेने जागी होई, मऊ अस्तर आणि टणक हाड चाचपत कपाळा-गालामागच्या पोकळ्यांची, म्हणजे सायनसची, वाट शोधी आणि तिथे फुगून ती मोकळी करी. गेलेली वाट ती लक्षातही ठेवी. किंमत चहा-भज्यांइतकी. पाकिटावर ‘एकदा वापरून फेका’ असं छापलेलं असे, पण आपल्याकडे असल्या सूचना वाचतो कोण? उकळायची, पुसायची, पुन्हा वापरायची. दर नाकागणिक तार हुशार होत गेली आणि लोणच्यासारखी मुरली. मग नव्या तारा मागवणंही बंद झालं.

तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉ. शर्वाणी उकिडवे याच काळात शिकल्या. तार नाकपुडीत सोडायची आणि तारेच्या मुठीवरचा हिरवा दिवा लागण्याची वाट पाहायची, एवढंच त्यांना करावं लागे.

सुभद्राबाईंची चंद्रकला जिनिंगमध्ये कामाला होती. कापसाच्या धुळीनं वर्षानुवर्षं चोंदलेल्या नाकातला पू आता डावा डोळा आतून ढकलत होता. आज तो निघाला नाही तर डोळा जाणार होता, आणि शहर गाठण्याइतका वेळ नव्हता. नाक बधिर केलं होतं, पण ती जागी होती.

तार झरझर आत गेली. नेहमीपेक्षा लवकर. शर्वाणींना बरं वाटतंय तोवर चंद्रकला पुटपुटली, "म्याडम, डोळ्याच्या मागं कायतरी चालतंय."

शर्वाणींच्या लगेच ध्यानात आलं. पुवाने डोळ्यालगतचं पातळ हाड खाऊन टाकलं असणार. टणक लागेपर्यंत पुढे जायचं, ही मुरता मुरता तारेला लागलेली सवय. आजवरच्या प्रत्येक नाकात तिथे हाड होतं. त्यांनी बर्फाचं सलाईन नाकात सोडलं. तार गारठून निपचित पडली, तशी त्यांनी ती अलगद ओढून काढली. डोळा शाबूत होता, पण पू आतच होता.

सिस्टरने कपाट धुंडाळलं. नवी तार एकही नव्हती. आधीच्या सर्जनची स्टीलची हत्यारं तेवढी होती.

आता पुढं काय, असं सुभद्राबाईंनी विचारलं. शर्वाणींनी खरं ते सांगितलं: या तारेला इतरांची नाकं ठाऊक आहेत, चंद्रकलाचं नाही.

"मंग तुमी हातानं करा की. डॉक्टर तुमीच ना?"

शर्वाणींनी एक हत्यार उचललं. नाकाच्या आतलं त्यांनी पुस्तकातल्या चित्राबाहेर कधी पाहिलंच नव्हतं. त्यांना लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती.

"मला येत नाही, मावशी."

पदराच्या टोकाने सुभद्राबाईंनी लेकीच्या सुजलेल्या डोळ्यातलं पाणी टिपलं.

"मंग ती तारच घाला परत. तिला थोडं तरी येतंय."

शर्वाणींनी सिस्टरकडे कोमट पाणी मागितलं आणि तार त्यात सोडली. ती वळवळायला लागली.