ऐकणाऱ्याची लहर

१७ ऑक्टोबर २०३१, दुपारी एक वाजून चाळीस मिनिटे. तांबळवाडीच्या सागरी नभोवाणी केंद्रात सहावा संगणक सुरू झाला आणि मुख्य अभियंता दिनकर मयेकरांनी समाधानाने हात पुसले. पाच संगणक प्रसारण सांभाळणार होते. सहावा, म्हणजे ‘श्रवणशोधक’, समुद्रावरचे श्रोते मोजणार होता. पडद्यावर सात ठिपके उमटले.

“पण ऐकणारा माणूस इथून दिसतो कसा?” निवेदिका कुंदा तांडेल यांनी विचारले.

“स्टेशन पकडताना रेडिओ स्वतःच्या पोटात एक बारीक लहर तयार करतो. तिचा अंश बाहेर सांडतो. आजवर तो गोंगाटात हरवायचा. हा संगणक तो वेचून काढतो, दिशेसकट, अंतरासकट. थोडक्यात, ऐकणाराही बोलत असतो.”

“आमच्या घरात बोलणारे सगळेच. ऐकणारा कोणी नाही.”

मयेकर हसत असतानाच तटरक्षक दलाच्या कमांडर सरदेशमुखांचा फोन आला. वादळाने दिशा बदलली होती, मोबाइलचे मनोरे कोसळले होते. इशारा ऐकून बाकीच्या होड्या परतल्या, पण सात बेपत्ता होत्या. त्यांच्यावर प्रेषक यंत्रे नव्हती. होते ते केवळ सेलवर चालणारे रेडिओ. मयेकरांनी सातही ठिपक्यांची स्थाने घडाघडा सांगितली.

“जहाज निघालं,” कमांडर म्हणाले. “पण होड्या वाहत जाताहेत. शेवटपर्यंत सांगत राहा.”

मयेकर निर्धास्त झाले. कुंदाताई मात्र घड्याळाकडे पाहत होत्या.

“साहेब, अडीचला तुमचा संगणक दुपारच्या प्रसारणाची सभा संपल्याची उद्घोषणा लावणार?”

“एका सेकंदाचाही फरक पडणार नाही.”

“मग अडीचला साती होड्या हरवतील. सभा संपली म्हटलं की आमची माणसं सेल वाचवायला रेडिओ बंद करतात. आमचे बाबा तर माझा ‘नमस्कार’ अर्धा असतानाच त्याचा कान पिळायचे.”

आज यंत्रणेची अंतिम चाचणी होती. वेळापत्रक मोडले तर मुख्यालय सगळी मांडणी नामंजूर करणार, हे मयेकर जाणून होते. त्यांनी क्षणभर पडद्याकडे पाहिले आणि प्रसारण-संगणकांची जोडणी उपटून माइक थेट प्रक्षेपकाला जोडला.

“बोलत राहा, कुंदाताई. आज सभा संपत नाही.”

“दर्यावरच्या भावांनो,” कुंदाताईंनी सुरुवात केली, “रेडिओ चालू आहे तोवर तुम्ही आम्हाला दिसता. जहाजावर पाय ठेवाल तेव्हाच बटण फिरवा.” मग त्यांनी बांगड्याच्या तिखल्याची कृती सांगितली. मीठ राहिले, तेवढे मयेकरांनी काचेपलीकडून खुणेने आठवून दिले.

पाऊण तासाने एक ठिपका विझला. मयेकरांनी फोनकडे पाहिले. फोन खणखणला. “पहिली होडी. चौघेही वर आले.”

श्रोते वाढावेत म्हणून जन्मभर खपलेला तो अभियंता आता ते घटण्याची वाट पाहू लागला. दुसरा ठिपका गेला, तिसरा गेला. प्रत्येकामागोमाग फोन आला. सूर्य मावळण्यापूर्वी कमांडरांनी अखेरची खबर दिली: सत्तावीसच्या सत्तावीस सुखरूप.

संगणकाने चाचणीचा निष्कर्ष आपोआप मुख्यालयाला पाठवला. समुद्रावरील श्रोते : शून्य.