वडाखाली मागू नये

चेंडू वडात गेला की आमच्या बेटावरच्या उमाताक गावात बास्केटबॉलच्या कोर्टावर सगळे एकदम गप्प होतात. ज्याच्या हातून गेला त्यानंच तो आणायचा, आणि आत पाऊल टाकण्याआधी मोठ्यानं विचारायचं, "आजी-आजोबांनो, तुमच्या जागेत येऊ द्या." चारचौघांत विचारायची पोरांना लाज वाटते, म्हणून ती पुटपुटतात. पण वडातली माणसं, आम्ही त्यांना ताओताओमोना म्हणतो, फार फार जुनी आहेत. त्यांना ऐकू कमी येतं, असं गावात म्हणतात. हातांत मात्र अजून जोर आहे.

त्या दिवशी चेंडू आत आला तेव्हा रेमी आधीपासून आत होती. विचारून आली होती, हे सांगायला नको. तिची त्रिनी मावशी म्हणजे गावची वैद्यीण. मुरगळलेला पाय, न उतरणारा ताप, वडातल्यांनी धरलेलं माणूस, सगळं तिच्याच ओट्यावर येतं. तिला लागणारा पाला खुडून आणायचं काम रेमीचं. पावसाची सर नुकतीच येऊन गेली होती, पारंब्यांवरून थेंब गळत होते. चेंडू चिखलातून घरंगळत आला आणि रेमीच्या पावलाला टेकून थांबला.

मागून एक मुलगा आला. इतका उंच, की पारंब्या चुकवता चुकवता तो निम्मा झाला होता.

"विचारलंस?" रेमी म्हणाली.

"काय?"

"आत येऊ का म्हणून."

"चेंडू माझा आहे."

"आणि जागा?"

तो हसला. "तुझी आहे का? मग तुला विचारतो. येऊ का आत?"

"आलाच आहेस की."

"मग थांबू का?"

रेमीनं पायानंच चेंडू त्याच्याकडे ढकलला. कान मात्र गरम झाले होते.

"नाव तरी सांग."

"इथं नाव सांगत नसतात. ऐकून ठेवतात."

"कोण?"

रेमीनं नुसतं वर पाहिलं. त्यानंही पाहिलं. वर पानंच होती, पण त्याचं हसू जरा मावळलं. "बाहेर भेटलीस की सांग," तो हळूच म्हणाला आणि वळला.

"तो वेडा आहे," रेमी घाईघाईनं वडाला म्हणाली. "त्याच्या वतीनं मी विचारते. जाऊ द्या त्याला."

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण तो पारंब्या सारत उजेडाकडे निघाला होता, मानेवर ओले केस चिकटले होते... आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "पण फार लांब नको."

वडाखाली वाट मागावी, दुसरं काही मागू नये. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. रेमीनं जीभ चावली. त्याच क्षणी पारंब्यांवरून गळणारे थेंब थांबले. सगळे, एकदम. ती पाला छातीशी धरून पळत सुटली ती घरी येईपर्यंत थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच मुलगा लंगडत त्रिनी मावशीच्या ओट्यावर हजर. रीतीप्रमाणे मावशीच्या हाताला नाक लावून त्यानं नमस्कार केला. नाव नासियो. बाप शेजारच्या गावचा, आई मनिलाची. दक्षिणेकडच्या शाळेच्या बास्केटबॉल संघात होता, पण बहुतेक वेळ बाकावर बसायचा. उजव्या पोटरीवर निळसर वण होते. चार एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला.

मावशी तोंडातलं पान एका गालात सारून म्हणाली, "हे काय? सरांनी शाबासकी दिली वाटतं?"

"झोपेतून उठलो तर असं."

"वडात न विचारता शिरला असशील."

"हिनं विचारलं माझ्यासाठी." त्यानं दाराआडच्या रेमीकडे पाहिलं. "बाहेर जाताना ऐकलं मी. शेवटचं तेवढं नीट ऐकू आलं नाही."

"शेवटचं काही नव्हतंच," रेमी म्हणाली आणि तेलाची वाटी मावशीच्या हातात देताना निम्मं तेल सांडलं.

वण आठवड्यात गेले. पण त्यानंतर नासियो उडायला लागला.

दुसरा शब्दच नाही. बास्केटच्या रिंगणाखाली सगळे उड्या मारत, खाली येत, आणि हा अजून वरच. शाळेच्या संघात तो बाकावरून थेट पहिल्या पाचांत गेला. उत्तरेकडच्या शाळेविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्यानं दोन्ही हातांनी चेंडू रिंगणात असा घातला की पंचही शिट्टी तोंडात धरून बघत राहिला. दुसऱ्या दिवशी गाडीवर मटण भाजणाऱ्या बाईनं त्याच्याकडून पैसे घेतले नाहीत. आजवर तिनं चर्चच्या फादरलासुद्धा कधी फुकट दिलं नव्हतं.

लोक मात्र आनंदात असूनही कुजबुजत होते. लाकडी जमिनीवर नासियो उतरला की पावलं वाजत... धप. आणि मग, जरा थांबून, पुन्हा धप. त्याच्याबरोबर आणखी कुणीतरी उतरल्यासारखं. "याला गाचोंग आहे," म्हातारे म्हणायचे. गाचोंग म्हणजे वडातला सोबती. तो माणसाला बळ देतो, पण माणसाला सोडत नाही.

रेमी प्रत्येक सामन्याला बसायची आणि दुसऱ्या आवाजाच्या आधी श्वास धरायची.

सामन्यानंतर दोघं खाडीच्या बांधावर बसत. कागदात गुंडाळलेला लाल भात, भाजलेली कोंबडी, आणि शेवटचा तुकडा कुणाचा यावरून भांडण.

"वर असताना भीती नाही वाटत तुला?" एकदा तिनं विचारलं.

"वर नाही. खाली येताना वाटते."

"का?"

"माझ्या पाठोपाठ कुणीतरी खाली उतरत असतं. पाय धरायला." तो सहज बोलल्यासारखा बोलला, पण खायचं थांबला होता. "बोटं गार असतात. लहान." मग त्यानं तिचा हात हातात घेतला. "अशी. अगदी अशीच."

रेमीनं हात ओढून घेतला.

"राग आला?"

"नाही. कोंबडीचं तेल लागलंय त्याला."

"मग दुसरा दे."

तिनं दिला. काय करणार? त्या संध्याकाळी ती त्याच्या प्रेमात पडली असं म्हणायला हरकत नाही, पण खरं सांगायचं तर ती पारंब्यांखालीच पडली होती.

शाळा संपली. नासियो बेटाच्या संघातून खेळला, तिथंही चमकला, आणि मनिलाच्या व्यावसायिक लीगमधल्या एका क्लबनं त्याला चाचणीला बोलावलं. आई तिथली, म्हणून परका खेळाडू धरणार नव्हते. त्यानं लहानपणापासून याच एका गोष्टीसाठी देवापुढे मेणबत्त्या लावल्या होत्या. विमानतळावर अर्धं गाव आलं. विमान धावपट्टीवर वळलं आणि त्याची पोटरी अशी आवळली की तो ओरडला. त्याला खाली उतरवावं लागलं. पोटरीवर तेच वण होते.

क्लबनं समजून घेतलं, पुन्हा बोलावलं. या वेळी तो तिथपर्यंत पोचला. चाचणीत उडी मारली, आणि खाली आला तो सरळ उभा राहिलाच नाही. तिथल्या डॉक्टरांना काही मोडलेलं सापडलं नाही. क्लबनं सांगितलं, घरी जा, बरा हो, या महिनाअखेरीस शेवटचं बघू. तेव्हाही नाही जमलं तर जागा दुसऱ्याची.

तो परत आला आणि थेट मावशीच्या ओट्यावर बसला. दुपारचं लख्ख ऊन होतं, तरी ओट्यावर ओल्या मुळांचा वास पसरला. अंगणातला कुत्रा उठून शेपूट पायांत घालून निघून गेला.

मावशीनं बराच वेळ वण पाहिले. मग पान थुंकून आली. "मी इतकी वर्षं त्यांची बोटं बघतेय. ही त्यांची नाहीत. म्हाताऱ्यांची बोटं रुंद असतात. ही पोरीची आहेत." ती वळली. "रेमी, इकडे ये. हात दे."

"मावशी, नको."

"दे म्हणते ना!"

मावशीनं तिचा हात धरून नासियोच्या पोटरीवर ठेवला. चार बोटं चार वणांवर बसली आणि अंगठा पाचव्यावर. जराही इकडेतिकडे नाही. नासियोची कातडी बर्फासारखी गार होती. तो वणांकडे नव्हे, तिच्याकडे बघत होता.

"काय मागितलंस?" मावशीनं विचारलं. "वाटेशिवाय काय मागितलंस त्यांच्याकडे?"

रेमी रडायलाच लागली. "फार लांब नको, एवढंच... एवढंच म्हटलं मी."

"त्यांनी तुझाच हात लावला कामाला." मावशीचा आवाज उतरला. "जा. जे मागितलं ते परत कर. याच्यासमोर आणि मोठ्यानं."

रेमी पुढे, नासियो मागे लंगडत. कोर्टावर पोरं खेळत होती, ती खेळ थांबवून बघत राहिली. वडाशी आल्यावर नासियोनं तिला थांबवलं. दोन्ही हात तोंडाभोवती धरून तो ओरडला, "आजी-आजोबांनो, तुमच्या जागेत येऊ द्या!" आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं विचारलं असेल. मग दोघं आत गेले.

आत वारा नव्हता. तरी एक पारंबी हलत होती.

"म्हणजे इतके दिवस मला तू धरून ठेवलं होतंस?" तो म्हणाला.

"रागव. रागव ना! मारलंस तरी चालेल."

"मी उडायचो ते पण...?"

"ते तुझं की त्यांचं, मला नाही माहीत. मी परत केलं तर कदाचित तेही जाईल." तिनं डोळे पुसले. "विचार कर, नासियो. इथं राहिलास तर सगळं बेट तुला डोक्यावर घेईल. आणि मी... मीही इथंच आहे."

तो पाठीनं खोडाला टेकला आणि लगेच दचकून सरळ झाला, खोड उबदार असावं तसा. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. खरं असेल नसेल, पण मनिलाला न जाता म्हातारा होणारा माणूस त्याला तिथं दिसला असावा.

"मला जायचंय," तो म्हणाला. "न उडता जायचं असेल तर तसं. आधी सांग, का मागितलंस?"

"तुला कळत नाही?"

"कळतं. पण मोठ्यानं सांग. मावशीनं सांगितलंय."

"तू मला आवडतोस, मूर्खा. पहिल्या दिवसापासून." आणि ती वर पाहून ओरडली, "मी याच्यावर प्रेम करते, म्हणून चुकले! त्याला जाऊ द्या. कितीही लांब जाऊ द्या!"

रेमीच्या उजव्या हातातून काहीतरी निसटलं. हातात काही नव्हतंच, पण निसटलं. मग चिखलातून अनवाणी पावलांचा आवाज खोडाकडे गेला. सावकाश, थकल्यासारखा. त्यांच्या दोघांच्या मधून गेला, तेव्हा दोघांनीही नकळत वाट दिली. ओल्या मुळांचा वास गेला. नासियोनं वाकून पाहिलं, तर पोटरी स्वच्छ होती.

त्यानं तिचा चेहरा हातांत घेतला. आम्ही कोर्टावरून बघत होतो, पण पारंब्या फार दाट होत्या. बाहेर आले तेव्हा दोघांचेही ओठ लाल होते, आणि रेमी तर पान खात नाही.

महिनाअखेरीस तो गेला, आणि विमान नीट उडालं.

उडी मात्र गेली. पुष्कळशी गेली. क्लबनं त्याला आधी धाकट्या लीगमध्ये पाठवलं. गावोगावच्या गळक्या हॉलमध्ये तो खेळला, पडला, शिव्या खाल्ल्या. उडणाऱ्यांच्या आधी जागेवर कसं पोचायचं ते शिकला, पास कसा द्यायचा ते शिकला. रेमीशी फोनवर आधी रोज बोलायचा, मग दमून झोपायला लागला, मग आठवड्यातून एकदा. गावात लोक कोर्टावरच्या एका नवीन पोराबद्दल बोलू लागले. रेमी पाला आणायला वडात जायची, विचारून आत शिरायची, आणि तोंडावर हात धरून पाला खुडायची. एकदा मावशीनं तिला तसं पाहिलं आणि उरलेला पाला स्वतःच खुडला.

मग एका संध्याकाळी तो मोठ्या लीगमध्ये उतरला. मावशीच्या स्वयंपाकघरात छोट्या पडद्यावर आम्ही सगळे डोक्याला डोकं लावून बघत होतो. तो थोडाच वेळ खेळला. एकदा रिंगणावरून परतलेल्या चेंडूसाठी उडाला, इतरांएवढाच, तो घेतला आणि खाली आला. रेमीनं सगळ्यांना गप्प केलं. धप. मग नुसता लोकांचा गलका.

सामना संपल्यावर फोन वाजला. रेमी तो घेऊन ओट्यावर गेली.

"पाहिलंस?"

"पाहिलं. छान खेळलास."

"पाय बघतो मी रोज," तो म्हणाला. "काही नसतं. बरं वाटायला हवं ना? पण... रेमी, त्यांच्याकडे पुन्हा काही मागितलंस का? मी परत यावं वगैरे?"

"नाही."

"एकदाही?"

"रोज तोंडाशी येतं. पण त्यांच्याकडे मागितलं की ते देतात. मग तू आलास की त्यांनी आणलं, मला कसं कळणार?"

पलीकडे कुणीतरी त्याला हाका मारत होतं. त्यानं ओ दिली नाही.

"मग?"

"मग तुलाच विचारते," रेमी म्हणाली. तिचा आवाज कापत होता, वडाखालीसुद्धा इतका कापला नव्हता. "माझ्याकडे येशील?"

"येईन," नासियो म्हणाला. "सीझन संपला की. माझ्या पायांनी येईन."