इस्लापूरला रेंज नव्हती

"हात काढा आधी!"

व्यंकट दचकला. राऊटरच्या बटणाकडे गेलेलं बोट तसंच राहिलं... दारात नांदेडहून आलेली इंजिनिअर उभी होती, मालविका. उन्हानं गाल लाल झालेले, डोळे मात्र त्या बटणावर.

"बंद-चालू केलं की नीट होतंय, मॅडम. महिना झाला, तेच करून राहिलो."

"म्हणूनच बिघाड सापडत नाही. भरू द्या त्याची मेमरी."

लातूरच्या त्या क्लासमधलं कॉम्प्युटरचं सगळं व्यंकट बघायचा. रोज तीन तासांत राऊटरची मेमरी भरायची आणि नेट गपगार व्हायचं. रविवारी चारशे पोरांची ऑनलाइन परीक्षा होती. ती बुडाली तर घरी बसायचं, असं क्लासच्या सरांनी त्याला बजावलं होतं.

मालविका लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावरचे आकडे वाचू लागली... आवडीचं पत्र वाचावं तशी, सावकाश. बट गालावर आली, तिला पत्ताच नाही. राऊटरवरचा एकेक प्रोग्राम ती बंद करत गेली. मेमरीचा आकडा चढतच होता. मग एक बंद केला, आणि तो जागीच थांबला! व्यंकटच्या अंगावर काटा आला. महिनाभराचं दुखणं या बाईनं दोन चहांत पकडलं होतं.

"हा बघा. पोरगं क्लासला पोचलं की घरी मेसेज पाठवतो. नाही गेला तर जपून ठेवतो, पुन्हा पाठवतो, पुन्हा जपतो... मेमरी काही सोडत नाही. बऱ्याच नंबरांपुढं गाव इस्लापूर लिहिलंय, तिथं रेंज नसेल. कुणी लिहिलाय हा?"

व्यंकटला माहीत नाही म्हणता आलं असतं. पण त्या डोळ्यांपुढं खोटं बोलवेना.

"मीच. माझी माय तिकडं राहते. मी लातूरला आलो तवा चार दिस जेवली न्हाई, पोरगं पोचलं का म्हणून. चूक माझी हाय. सरांना मीच सांगतो."

मालविका त्याच्याकडे बघतच राहिली.

"तीनदा पाठवा, तरी नाही गेला तर वहीत नाव लिहून मेमरी मोकळी करा. एवढंच," ती हळूच म्हणाली. "बाकी... फार छान लिहिलंय."

व्यंकटनं प्रोग्राम तसा बदलला आणि सरांना चूक सांगितली. सर म्हणाले, "रविवारी बघू."

रविवारी ती न बोलावता आली. तीन तास चारशे पोरं लिहीत होती आणि आकडा हलला नाही. सरांनी व्यंकटच्या पाठीवर थाप मारली. तो मात्र तिच्याकडेच बघत होता.

स्टँडवर नांदेडची गाडी लागली.

"मॅडम... पोचल्यावर मेसेज कराल?"

"आणि नाही आला तर? तीनदा बघून सोडून द्याल?"

"न्हाई," व्यंकट म्हणाला. "तुमची वाट मी कितीबी बघीन."

ती हसली, लाजली, खिडकीशी जाऊन बसली. गाडी अजून स्टँडच्या फाटकातून बाहेरही पडली नव्हती, तोच त्याचा फोन वाजला.

'मी पोचले.'