पास न झालेला बॉयलर

हे खरं आहे.

शपथ घेतली की लोकांना उलट जास्त संशय येतो, म्हणून शपथ घेत नाही. माझ्या थोरल्या मेव्हण्याच्या घरी, मागच्या खोलीत, एका रविवारी दुपारी हे घडलं. भुतं रात्रीच येतात असा ज्यांचा समज आहे त्यांनी तो खुशाल बाळगावा. हे दिवसाढवळ्या आलं. जेवणानंतर, माणसाला फक्त झोप यावी अशा वेळी.

मेव्हणा कारखान्यात फोरमन होता. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी सगळे त्याला फोरमनच म्हणतात. रागावली की त्याची बायकोसुद्धा. त्याला नाद एकच, घरी वाफेचं छोटं इंजिन बनवायचं. खेळण्यातलं नव्हे. खरा कोळसा, खरं पाणी, खरी वाफ. दीड हात लांब, पण मागे माणूस बसवला तर त्याला ओढून नेईल असं.

अकरा वर्षं तो ते बनवत होता. अकरा वर्षांत सहा चाकं आणि एक शिट्टी झाली होती.

"निदान शिट्टी तरी वाजवा," बायको म्हणायची.

त्याच्या हाताखाली एक लेथवाला होता. अबोल, बारीक चणीचा. त्यालाही हाच नाद. त्याने मात्र तीन वर्षांत अख्खं इंजिन उभं केलं. तांब्याचा बॉयलर असा झाळून जोडला होता की सांधा शोधायला भिंग लागावं.

फोरमनने भिंग लावलं. सांधा सापडला नाही. तिथेच सगळं बिनसलं.

या नादिष्टांचा एक अड्डा आहे. दर रविवारी सकाळी बागेमागच्या मैदानात ते रूळ मांडतात. मीही जातो. इंजिनासाठी नाही, चहासाठी. अड्ड्याचा एक नियम फार कडक. आपला बॉयलर आपण पास करायचा नाही, दुसऱ्याने तपासायचा. आत काठोकाठ पाणी भरायचं, हातपंपाने दाब चढवायचा, चालवताना लागतो त्याच्या दुप्पट. मग वीस मिनिटं काट्याकडे बघत बसायचं. काटा हलला नाही, पाणी झिरपलं नाही, तर पास.

लेथवाल्याचा बॉयलर तपासायला फोरमन बसला. आम्ही सगळे भोवती उभे.

वीस मिनिटं काटा हलला नाही.

मग फोरमनने पंपाच्या नळीखालून बोट फिरवलं आणि ते ओलं बोट सगळ्यांना दाखवलं.

"गळतोय."

"साहेब, ते पंपाचं पाणी आहे..."

"पस्तीस वर्षं मी काय माशा मारत होतो?"

आणि टोकदार सळईने त्याने तांब्यावर फुली ओढली. कारखान्यात रद्द मालावर ओढायचा, तशीच.

 लेथवाला इंजिन फडक्यात गुंडाळून घरी घेऊन गेला. पुन्हा त्याला हात लावला नाही. दीड वर्षाने तो गेला.

भेटायला आलेल्या फोरमनच्या हातात लेथवाल्याच्या बायकोने ते गाठोडंच ठेवलं. "तुम्हीच रद्द केलंत. तुम्हीच घेऊन जा."

दुसऱ्या कुणी शरमेने मान खाली घातली असती. फोरमनने रिक्षा बोलावली.

घरी येऊन त्याने फुली कानशीने घासून काढली. तिथे स्वतःची आद्याक्षरं ठोकली. रंग बदलला. पुढच्या रविवारी 'माझं इंजिन' चालवतो, असा आम्हा प्रत्येकाला फोन केला. उरली होती फक्त चाचणी. ती आधी घरीच करून बघावी, म्हणून तो जेवण करून मागच्या खोलीत गेला.

खाली वर्तमानपत्र अंथरलं. पाणी भरलं. चालवायला ऐंशीचा दाब लागतो, म्हणून दुप्पट होईपर्यंत पंप मारला. एकशे साठ. हात काढला.

काटा शून्यावर आला.

उतरला नाही. पडला.

कागद कोरडा ठाक होता.

पुन्हा पंप. एकशे साठ... शून्य.

कागद कोरडा.

त्याने वरचं बूच काढून आत काडी घातली. काडी कोरडीच बाहेर आली. चांगलं दोन लिटर पाणी. गेलं कुठे?

बूच घट्ट बसवलं. आणि आवाज आला...

खर्र...

तांब्यावर टोक ओढल्यासारखा. बाहेरून नाही... आतून.

खर्र...

दुसरा ओरखडा. मग काही नाही.

फोरमनने बॉयलर फिरवून बघितला. आद्याक्षरं गेली होती. तिथे फुली होती. कोरलेली नव्हे, उठलेली. आतून कुणीतरी दाबून बाहेर काढल्यासारखी. त्या बॉयलरच्या भोकातून माणसाचं बोटही पुरतं आत शिरत नाही.

मग काटा हलला.

आग नव्हती. पाणी नव्हतं.

वीस... चाळीस... ऐंशी...

जादा वाफ सोडणारी झडप त्याने चाचणीपुरती आवळून ठेवली होती; ती सैल केली, नव्वदला उघडायला हवी होती. उघडली नाही. फोरमन बूच फिरवायला गेला. फिरेना.

"चहा घ्या," म्हणत बायको आत आली. कप ठेवायला जागा नव्हती, म्हणून तिने उजव्या तळहाताने बॉयलर जरा सरकवला. आणि किंचाळली. कप फुटला. तळहातावर टरारून फोड आला.

"अहो, केवढा तापवलाय!"

फोरमनने हात लावला. बॉयलर गार होता.

"बाहेर हो!"

ती दाराकडे धावली. आत्ता उघडं होतं ते दार लागलेलं होतं. कडी नाही, कुलूप नाही. तरी उघडेना.

एकशे दहा...

"हे इंजिन कुणाचं आहे?" तिने विचारलं.

"माझं."

एकशे तीस.

"अहो!"

"लेथवाल्याचं. पण... तपासताना जरा घाई झाली माझी."

एकशे पन्नास.

"घाई?"

"नजरचूक म्हण."

एकशे ऐंशी. तांबं कण्हायला लागलं.

"फोरमन!" बायको ओरडली. "खरं बोला, नाहीतर एकटे मरा. मला सोबत नेऊ नका!"

"गळत नव्हता! एक थेंब गळत नव्हता! त्याने तीन वर्षांत केलं, मला अकरा वर्षांत जमलं नाही. बघवलं नाही मला. खोटं बोललो!"

काटा थांबला... आणि सावकाश खाली आला.

दार उघडं होतं. ते कुणी उघडलं, हे बघायची दोघांनाही हिंमत झाली नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर मीही हसून सोडून दिलं असतं. पण तिचा हात बरा होईना. डॉक्टरांनी मलम दिलं. चौथ्या दिवशी पट्टी सोडली, तेव्हा फोड बसला होता आणि त्या जागी फुली उठली होती. ती अधूनमधून पेटायची. बायको हात बादलीत बुडवून बसायची... आणि बादलीतलं पाणी कोमट व्हायचं.

"माझा काय दोष?" ती विचारायची. "मी तर चहा आणला होता."

फोरमनने इंजिन उचललं आणि लेथवाल्याच्या घरी गेला. दारातच सांगून टाकलं, "वहिनी, बॉयलर गळत नव्हता. मी खोटं बोललो."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "मला कशाला सांगता? ते तुम्ही मैदानात बोलला होतात. चारचौघांत."

बोलताना ती त्याच्याकडे बघत नव्हती. त्याच्या खांद्यामागे बघत होती.

"हो, सांगते," ती त्या रिकाम्या जागेला म्हणाली.

मग फोरमनला म्हणाली, "जे घरी बोललात तेच बोला म्हणतात. शब्द बदलायचा नाही."

आणि दार लावून घेतलं.

रविवारी आम्ही बारा जण मैदानात होतो. फोरमन उभा राहिला. शेजारी बायको, हाताला पट्टी. तिने मला सगळं आधीच सांगितलं होतं. रडत सांगितलं होतं.

"मित्रहो," फोरमन म्हणाला, "तुम्हाला लेथवाल्याचा बॉयलर आठवत असेल. तो... तो गळत..."

 त्याने आमच्या तोंडांकडे बघितलं. बायकोने कोपर मारलं.

"तो गळत नव्हता. त्या दिवशी माझ्याकडून... अनवधानाने... चूक झाली. इतका बारीक सांधा, एखाद्याची नजर चुकते. मी ते मोठ्या मनाने मान्य करतो."



"याला म्हणतात मोठेपणा!" कुणीतरी म्हणालं.

टाळ्या पडल्या. कडकडून. मला खरं काय ते माहीत होतं. तरी माझ्या बायकोचा भाऊ पडला. मीही वाजवल्या.

फक्त फोरमनच्या बायकोने वाजवल्या नाहीत. ती पट्टीकडे बघत होती. मग तिने पट्टी सोडली. तळहात स्वच्छ होता. फुली नाही, डाग नाही. ती हसली...

मग तिने मान वर करून आमच्याकडे बघितलं. आमच्या हातांकडे. आणि तिचं हसू गेलं.

त्याला महिना झाला. फोरमन ठणठणीत आहे. त्याला का सोडलं, मला कळत नाही. की अजून सोडलेलं नाही... त्याने स्वतःचा बॉयलर झाळायला घेतलाय म्हणे. तपासायला कोण बसणार, म्हणून एकेकाला फोन करतोय. कुणी उचलत नाही.

काल मैदानात बारापैकी मी धरून चारच जण आलो. इंजिनं कुणी आणली नव्हती. हवापाण्याच्या गप्पा झाल्या. मग चहा आला.

आम्ही चौघांनीही पेले डाव्या हातात घेतले; उजवे हात खिशातच राहिले. कुणी कुणाला काही विचारलं नाही.